कुंदा तांडेलचं फाटकं जाळं

मागच्या महिन्यात मुंबईहून एका मुलीचा फोन आला. कुंदावर पुस्तक काढतायत म्हणे, चांगलं जाडजूड, रंगीत. तिच्या सगळ्या कामांची यादी करण्याची जबाबदारी या मुलीवर. आवाज गोड होता आणि प्रश्न पोलिसासारखे. कुंदाताईंचं मुख्य माध्यम कोणतं म्हणायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हाताला लागेल ते. तिला वाटलं मी उडवून लावतेय, म्हणून तिनं स्वतःची यादी वाचून दाखवली. रेखाटनं, छायाचित्रं, कापड, व्हिडिओ, ध्वनी, मांडणशिल्प. ऐकताना मला किराणा भरून आणल्यासारखं वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, मधली दोन वर्षं अगदी रिकामी दिसतात, तेव्हा त्या आजारी होत्या का?

आठवून सांगते म्हणून मी फोन ठेवला. खरं तर आठवायला काहीच लागत नव्हतं. कुंदाला आजार झाला तो फार नंतर, आणि त्यात ती गेली त्यालाही आता वर्ष होत आलं. ती दोन वर्षं वेगळी होती. त्यांत माझाही हात होता, आणि ते फोनवर एका अनोळखी पोरीला सांगायची माझी तयारी नव्हती.

बोईसरच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि कुंदा चित्रकला. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करायची सोय, असा शाळेचा जुना समज होता. कुंदा नवीन आल्यावर गणिताच्या बाई नेहमीच्या हक्कानं तास मागायला गेल्या. कुंदानं त्यांना बाकावर बसवलं, हातात कागद दिला आणि समोरच्या पंख्याचं चित्र काढायला लावलं. पोरं खूश. बाईंनी पुन्हा कधी तास मागितला नाही, पण त्यांचा तो पंखा वर्षभर वर्गात लावलेला होता, आणि खरं सांगायचं तर चांगला जमला होता.

उंच, काटक, सावळी बाई. पाय थोडे फाकवून चालायची, जमीन कधीही हलेल अशा हिशोबानं. दांडीच्या कोळीवाड्यातली होती, समुद्रावर वाढलेली, म्हणून असेल. खांद्याला एक खाकी पिशवी असायची आणि त्या पिशवीत हात घालायची आमची कोणाची छाती नव्हती. मी एकदा खडू शोधायला घातला तर हाताला पाखट माशाची वाळकी शेपटी लागली. मी किंचाळले. ती शांतपणे म्हणाली, "पाटील, ती परत ठेव, तिचं काम चालू आहे." मला ती कायम आडनावानंच हाक मारायची. स्वतःच्या उद्योगाला तिनं जन्मात कधी कला म्हटलं नाही. आज काम झालं, आज काम नाय झालं, एवढंच.

आणि तिला हातांनी बघायची खोड होती. वस्तू दिसली की "बघू दे" म्हणून ती चाचपायची. पालघरला साड्यांच्या दुकानात तिच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. पन्नास साड्यांचे पदर बोटांत चुरगाळून बघायची, एकही घ्यायची नाही, आणि निघताना दुकानदाराला वर सांगायची की ही तिसरी तुम्ही रेशमी म्हणून विकताय ती रेशमी नाही. मी पुढे जाऊन रिक्षात बसायचे.

रागीट होती. पण स्वतःची चूक कबूल करायला तिला क्षणाचाही वेळ लागत नसे, हे मात्र मी दुसऱ्या कोणात इतकं पाहिलं नाही. एकदा सातवीच्या वर्गानं देखावा काढला. सगळ्यांचे दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. कुंदा भडकली. बोईसरमध्ये राहता आणि हे डोंगर कुठून आणता, डोळे फुटलेत का, असं म्हणून एकेक कागद परत करत सुटली. एका मुलानं कागद घेतला नाही. तो म्हणाला, बाई, हा माझ्या आईच्या गावचा डोंगर आहे, तिकडे सूर्य असाच उगवतो. कुंदानं त्याला पुढे बोलावलं, डोंगर कुठे आहे, घर कोणाचं आहे, सगळं विचारून घेतलं, आणि पूर्ण वर्गासमोर त्याला हात जोडून म्हणाली, माझं चुकलं. मग त्याला पैकीच्या पैकी दिले. आम्ही शिक्षक खोलीत हसलो. मुलांपुढे असे हात जोडले तर उद्या डोक्यावर बसतील, असं मीच म्हणाले होते.

तिचं नाव प्रथम झालं ते हातमोज्यांमुळे. माझे वडील जळगावकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं. कुंदा एकदा घरी आली आणि माझ्याशी न बोलता थेट वडिलांकडे गेली. तुमचे वापरलेले हातमोजे द्याल का, फेकायचे असतील ते? वडिलांना वाटलं बाईंना भांडी घासायला हवेत. तिनं त्यांच्यामार्फत सहा महिन्यांत चारेकशे कामगारांचे जुने मोजे गोळा केले. कडक झालेले, रंगानं माखलेले, प्रत्येकाची बोटं वेगळ्या तऱ्हेनं वाकलेली. आतल्या बाजूला ज्याचं त्याचं नाव लिहिलं आणि पालघरच्या एका सभागृहात भिंतभर लावले. उद्घाटनाला पुढारी आले, भाषणं झाली, कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सुटीचा वार बघून कारखान्यातली माणसं आली. त्यांतल्या एकानं, बिहारकडचा होता, खूप वेळ शोधून एका मोज्यासमोर उभं राहून सांगितलं, "ये मेरा है. देखो, उँगली यहीं जली थी." त्यानं त्यात हात घातला आणि तसाच भिंतीला हात लावून उभा राहिला. कुंदा रडली. तिला रडताना मी आधी पाहिलं नव्हतं. माझे वडील घरी येऊन म्हणाले, ही बाई येडी नाही.

त्यानंतर तिला मुंबईहून बोलावणी यायला लागली. तिनं उमरोळीला स्टेशनच्या पलीकडे एक बंद पडलेली भातगिरणी भाड्यानं घेतली. लोक त्याला स्टुडिओ म्हणायचे, ती गिरणीच म्हणायची. शाळा सुटली की उमरोळी, तिथून दांडी. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, घरी एक म्हातारा पोसतेय तेवढा पुरे.

तो म्हातारा म्हणजे तिचे वडील, दामू तांडेल. दांडीत त्यांच्या गाठीचं नाव होतं. जाळं कोणी विणलंय ते नुसतं चाचपून सांगायचे. कुंदाची हातांनी बघायची सवय कुठून आली ते मला त्यांना भेटल्यावर समजलं. त्यांच्या आळीत नवं जाळं बोटीवर चढण्याआधी त्यातली एक गाठ दामूकाकांच्या हातची मारून घ्यायची पद्धत होती. नारळी पौर्णिमेला लोक जाळं आणि नारळ घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचे. बायको लवकर गेली, भावांनी बोट विकली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी वर्षाची ती एक सकाळ त्यांची होती. बाकी दिवस ते ओट्यावर बसून असत. घरात त्यांची बहीण यमी आत्या. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची.

कुंदाच्या कामाबद्दल त्यांचं मत एकाच वाक्याचं होतं. "पोर हुशार हाय, पन फाटकं गोला करते." हे ते माझ्यासमोर, तिच्यासमोर, कोणासमोरही सांगत. ती हसायची. पण मला माहीत होतं की मुंबईच्या माणसांनी कितीही डोक्यावर घेतलं तरी तिला हवी होती ती शाबासकी त्या ओट्यावरची होती, आणि ती काही मिळत नव्हती.

मग तिनं जाळ्याचं काम काढलं. घराच्या माळ्यावर वडिलांचं एक जुनं डोल, पिशवीसारखं मोठं जाळं, पडून होतं, त्यांनी तरुणपणी विणलेलं. कुंदा किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायला लागली. पूर्वी यायची आणि आता येत नाही अशी मासळी कोणती, असं ती विचारायची. बायका हात पसरून दाखवायच्या. घोळ एवढी यायची. दाढा एवढा. वाम तर ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. कुंदा त्या पसरलेल्या हातांचं माप घ्यायची आणि वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा, त्या माशाच्या आकाराचा कापायची. असे एकतीस कागद झाले. ते कागद जाळ्यावर ठेवून तिनं तेवढं तेवढं जाळं कापून काढलं, आणि भोक आणखी उसवू नये म्हणून प्रत्येकाची कड बारीक दोऱ्यानं बांधून टाकली. सगळं मिळून दीड वर्ष गेलं. उन्हात टांगलं की वाळूवर एकतीस मासे पडायचे, उजेडाचे. मी विज्ञानाची बाई, मला असल्या गोष्टींचं कौतुक बेतानंच असतं. पण तेव्हा मी उन्हात उभी राहून ते मासे पुन्हा पुन्हा मोजत होते. ज्या बायकांनी मापं दिली होती त्या येऊन आपापला मासा ओळखायच्या आणि त्याच्याजवळ बसून राहायच्या.

दिल्लीला मोठं प्रदर्शन ठरलं. कुंदाच्या आयुष्यातलं तोवरचं सगळ्यात मोठं. मे महिन्यात जागा बघायला ती आठ दिवस दिल्लीला गेली. जाळं गिरणीत दमट राहील म्हणून बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर, घरासमोरच टांगून गेली. परत आली त्या दिवशी मी तिच्याबरोबर दांडीला गेले, कारण चार दिवसांनी टेम्पो येणार होता आणि बांधाबांध करायची होती.

बांबू रिकामे होते. जाळं ओट्यावर होतं, बोटीवर चढवायला घडी घालतात तसं घडी घालून. शेजारी दामूकाका बसले होते. बोटांना दोऱ्यानं कापल्याच्या रेघा. यमी आत्या सांगायला लागली की आठ दिवस माणूस जागचा हलला नाय, जेवण पन तितंच. बोट विकल्यापासून स्वतःहून त्यांनी दोरा हातात धरला नव्हता. आणि आता त्यांनी एकतीसच्या एकतीस भोकं भरून काढली होती.

"कुनी येड्यानं कडा बांदून सोडल्या व्हत्या," ते कुंदाला म्हणाले. "आता ने. फाटकं जालं लोकान्ला दाखवायचं नाय. घरची लाज हाय."

त्यांची चूक तरी कशी म्हणायची. ज्याच्या घरासमोर फाटकं जाळं लटकतं तो नाखवा कसला, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांनी लेकीची लाज राखली होती. आणि काम असं केलं होतं की दोरा बाजारातला नवा नाही, त्याच जाळ्याच्या शेवटाकडून उसवून घेतलेला. डोळ्यांनी अर्धं दिसत नसलेल्या माणसानं भरलेलं ते जाळं मी उलगडून बघितलं तर भोक कुठे होतं ते शोधून सापडत नव्हतं.

कुंदानं खाली बसून त्यावरून हात फिरवला. सगळ्या जाळ्यावरून, सावकाश. मग म्हणाली, "बरं झालं, बाबा. मस्त झालंय." दामूकाकांनी मान हलवली आणि यमी आत्याला चहा टाकायला सांगितलं. इतकी वर्षं मी त्या घरी जात होते, त्यांना एवढं खुशीत त्या दिवशीच पाहिलं.

जाळं उमरोळीला आणलं आणि गिरणीच्या जमिनीवर पसरलं. कुंदा त्याच्याभोवती फेऱ्या घालत होती. मी म्हटलं, असंच पाठव, बापानं भरलेलं जाळं म्हणून दाखव, लोक डोक्यावर घेतील. ती म्हणाली, "पाटील, हे बाबांचं काम झालं. चांगलं जाळं आहे. मासळीला जायला तयार आहे. पण त्या बायकांनी हात पसरले होते त्याचं काय करू? त्यांना मी सांगितलंय की तुमचा मासा दिल्लीला नेते." दुसरं जाळं शोधून नव्यानं करायला दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते एकतीस कागद काढले आणि पुन्हा जाळ्यावर मांडले.

आधी तिनं गाठी सोडवून बघितल्या. नखांनी, सुईनं, शेवटी दातांनी. दोरा तरी शाबूत राहावा एवढीच तिची इच्छा होती. एकही गाठ सुटली नाही. दुपारपर्यंत तिच्या हिरडीतून रक्त आलं. मग तिनं माझ्याकडे हात केला आणि मी पर्समधली कात्री दिली. दोन दिवस आम्ही दोघींनी कापलं. मधे मधे ती थांबायची, एखादी गाठ बोटांत धरून बघायची आणि म्हणायची, काय मारलीय म्हाताऱ्यानं. मग कापायची.

दिल्लीत काम गाजलं. मोठे फोटो छापून आले. वर्तमानपत्राचं एक पान बोईसरच्या बाजारात यमी आत्याच्या हातात पडलं. तिला वाचता येत नव्हतं, पण घरचं जाळं ओळखायला अक्षर कशाला लागतं. सगळ्या बाजाराला दाखवून ती ते अभिमानानं घरी घेऊन गेली आणि भावाच्या हातात ठेवलं. दामूकाकांनी ते पान डोळ्यांजवळ धरून, उन्हात नेऊन, फार वेळ बघितलं म्हणे. दुसऱ्या दिवशी आत्यानं मला बाजारात थांबवून विचारलं, पोरी, जालं परत कसं फाटलं गं?

कुंदा परतली त्या दिवशी मी स्टेशनवर तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिनं पिशवी खांद्यावर चढवली. आता जाऊन खरं सांगते म्हणाली. मी तिला थांबवलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवतेस, आठ दिवस खपून केलेलं कापलं म्हणून सांगशील का? सांग प्रवासात हिसके बसले, काही गाठी सैल झाल्या. हे वाक्य माझं. शब्द न् शब्द माझा. सातवीतल्या पोरापुढे सुद्धा खोटं न बोलणाऱ्या त्या बाईनं घरी जाऊन ते माझं वाक्य जसंच्या तसं बापाला सांगितलं.

दामूकाकांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "माज्या आता मारलेल्या तेवड्याच सुटल्या. जुन्या एकपन नाय सुटली." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बघितले आणि म्हणाले, "हां. गेले."

बस, एवढंच. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून त्या माणसानं गाठ मारणं सोडलं. पिशवीचं तोंड बांधायचं असलं तर बहिणीपुढे धरायचे. कमरेचा करगोटा सैल झाला तर तसाच. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आळीतले लोक जाळं घेऊन आले तेव्हा आतूनच सांगितलं, दुसऱ्याकडे जावा, माजी गाठ आता ठरत नाय. लोकांना वाटलं म्हातारा रुसलाय.

मुलीच्या यादीतली ती रिकामी दोन वर्षं ही. कुंदाला परदेशातून वर्षभराचं आमंत्रण आलं, तिनं नाही म्हणून कळवलं. शाळेची नोकरी तिनं दिल्लीच्या जोरावर सोडली होती, त्यामुळे गिरणीत दिवस दिवस बसायची. मी जायचे तेव्हा कागद कोरे असायचे. काम नाय झालं, एवढंच म्हणायची. आज सांगते असं ठरवून दांडीला जायची आणि न सांगता परत यायची. मी एकदा चिडून म्हटलं, एका पोरापुढे हात जोडलेस, बापापुढे जड जातं का? ती म्हणाली, "त्या पोराचं मी काही कापलं नव्हतं." तिला वाटायचं, हे ऐकून ते खचतील. मलाही तेच वाटत होतं. दोन शिकलेल्या बायका, आणि त्या माणसाला कशाचं दुःख आहे हे आम्हाला दोन वर्षं उमगलं नाही.

दोन वर्षांनंतरच्या नारळी पौर्णिमेला कुंदानं मला जेवायला बोलावलं होतं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. आळीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं नव्या बोटीचं जाळं आणि नारळ घेऊन आलं. दामूकाकांनी त्यांना हातानंच नाही म्हणून खुणावलं. बाई अजीजीनं म्हणाली, काका, एकच. तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर टाकला आणि दोन्ही हात त्याच्याखाली लपवले. एखादं व्यंग लपवावं तसे. जोडपं नारळ ठेवून निघून गेलं.

कुंदा उठली आणि त्यांच्या पायांशी जाऊन बसली.

"बाबा, गाठी सुटल्या नव्हत्या. मी कापल्या. कात्रीनं."

त्यांना कळायला वेळ लागला. "सगल्या?"

"सगळ्या. सोडवायला गेले तर एकपन सुटली नाय. दातानं पन नाय सुटली. मंग कापल्या."

मी मान खाली घातली होती. मला वाटलं आता काहीतरी मोडणार. दामूकाका हसले. तोंडात दात नव्हते, तरी तोंडभर हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"दातानं पन नाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "तुजं काम व्हतं, तू कापलंस. त्यात काय. आदी का नाय बोललीस, पोरी? दोन वर्सं मी ह्या हातान्ला शिव्या देत बसलो."

 कुंदानं हात जोडले तर त्यांनी ते खाली ढकलले आणि बहिणीला हाक मारून दोरा मागितला. आत्यानं घाईनं दोऱ्याचं रीळ आणलं. त्यांनी पंचा बाजूला टाकला, दोन टोकं घेतली आणि सुरू केलं.

बोटं वळेनात. दोन वर्षं त्यांना कामच नव्हतं. अंगठा जिथे जायला हवा तिथे जाईपर्यंत दोरा निसटायचा. त्यांनी पुन्हा टोकं जुळवली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, वरून, आता खालून, असं. तिसऱ्या वेळेला काहीतरी जमल्यासारखं झालं आणि त्यांनी दोरा कुंदापुढे केला.

"ओढ."

तिनं दोन्ही टोकं धरली आणि ओढली. मी अगदी समोर होते. गाठ सुटली. लोण्यातून सुटावी तशी सुटली. पण दोरे वेगळे व्हायच्या आत कुंदानं मूठ मिटली आणि दोन्ही दोरे मुठीत गच्च आवळून दुसऱ्या हातानं टोक ओढत राहिली, जोर लावून, दोरा ताणेपर्यंत.

"ठरली?" त्यांनी विचारलं.

"ठरली, बाबा. बघा, सुटत नाय."

यमी आत्या जमिनीकडे बघत होती. दामूकाकांनी हात पुढे केला. चाचपडत तो दोऱ्यावरून तिच्या मुठीपर्यंत आला आणि मुठीवर थांबला. जाळं कोणी विणलं ते अंधारात सांगणारा तो हात. त्यांनी मूठ उघडून बघितली नाही. नुसती थोपटली.

"बस," ते म्हणाले. "धरून ठेव."

आणि ती धरून बसली.